खेळाचें दार

द्रोणाचार्यांनीं आपल्या शिष्यांचें कौशल्य लोकांस दाखविण्यासाठीं हस्तिनापुरांत रंगभूमि उभारली, तेव्हां अर्जुनानें जें जें करून दाखविलें तें तें कर्णानेंहि करून दाखविलें. पण द्वंद्वाची वेळ येतांच कृपाचार्यांनीं त्यास कुल विचारलें आणि कर्णाची मान खालीं गेली. हा प्रसंग वाचतांना आपणांस कृपाचार्यांचा राग येतो, व तो योग्यच आहे. तथापि त्या सभेविषयीं एक गोष्ट कबूल केली पाहिजे. कौशल्य निराळें व कुल निराळें, हा भेद तेथें सर्वांस स्वच्छ दिसत होता. कुलाचा प्रश्न भर सभेंत उघडपणें विचारला गेला. आणि म्हणूनच त्यास अन्याय म्हणणें आज आपणांस सोपें जातें. आतां अशी कल्पना करावी कीं, कुलाचा प्रश्न कोणी विचारीतच नाहीं. केवळ ‘तुझा खेळ कोणता?’ एवढेंच विचारतात; आणि या प्रश्नाला जें उत्तर येतें त्यांतच मुलाचें कुल, बापाची मिळकत व राहत्या वस्तीची प्रतिष्ठा हीं सर्व आपोआप सांगितलीं जातात. अशा व्यवस्थेस अन्याय म्हणणें फार कठीण होईल. अमेरिकेंतील अत्युच्च मानल्या गेलेल्या विद्यापीठांच्या प्रवेशपद्धतींत ही व्यवस्था पुष्कळ अंशीं प्रत्यक्षांत आलेली आहे. तिचा विचार करण्यास अत्यंत उपयोगी असा एक ग्रंथ आज आम्ही परीक्षणासाठीं घेत आहों.

ग्रंथाचें नांव ‘दि गेम ऑफ लाइफ’, म्हणजे जीवनाचा खेळ. जेम्स शुलमन व विल्यम बोवेन यांनीं तो लिहिला, आणि प्रिन्स्टन विद्यापीठाच्या मुद्रणालयानें तो २००१ सालीं प्रसिद्ध केला. बोवेन हे अर्थशास्त्रज्ञ. १९७२ पासून १९८८ पर्यंत ते प्रिन्स्टनचे अध्यक्ष होते, व २०१६ सालीं ते निवर्तले. ज्या घराचे दोष ते दाखवितात त्या घरांत ते सोळा वर्षें यजमान म्हणून वावरले होते, हें ग्रंथ वाचतांना विसरतां कामा नये. त्यांनींच सेरा लेव्हिन यांच्यासह २००३ सालीं ‘रिक्लेमिंग दि गेम’ हा दुसरा ग्रंथ लिहून पहिल्याची पुरवणी केली. वीस वर्षांहून जुन्या ग्रंथांचें परीक्षण आतां कशाला, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, मध्यंतरीं जीं दोन मोठीं प्रकरणें न्यायालयांपुढें आलीं त्यांनीं या ग्रंथांतील सिद्धान्तांची जणूं परीक्षाच घेतली. आणि त्या परीक्षेंत ग्रंथ कोठें उतरला व कोठें अपुरा पडला, हें आतां निश्चयानें सांगतां येतें.

प्रथम विषयाची थोडी पार्श्वभूमि. अमेरिकन महाविद्यालयांतील आंतरमहाविद्यालयीन सामन्यांचा आरंभ १८५२ सालीं हार्वर्ड व येल यांच्या होड्यांच्या शर्यतीनें झाला. न्यू हॅम्पशायरमधील विनिपसॉकी सरोवरावर झालेल्या या शर्यतीचा खर्च एका रेल्वे कंपनीनें, आपल्या मार्गावर प्रवासी यावेत म्हणून, सोसला होता. म्हणजे या क्रीडांच्या बारशालाच व्यापार पाहुणा म्हणून हजर होता. पुढें १९२९ सालीं कार्नेगी प्रतिष्ठानानें प्रसिद्ध केलेल्या मोठ्या अहवालांत खेळाडू मुलांस पैशाची लालूच दाखवून महाविद्यालयांत ओढण्याच्या प्रकारांवर कडक टीका झाली. १९५४ सालीं हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन आदि आठ विद्यापीठांनीं ‘आयव्ही लीग’ या नांवाचा आपला करार सर्व खेळांस लागू केला, आणि केवळ खेळासाठीं म्हणून शिष्यवृत्ति द्यावयाची नाहीं असा निर्बंध आपणांवर घालून घेतला. हा निर्बंध आजहि पाळला जातो, व त्याचा त्या विद्यापीठांस अभिमानहि आहे. परंतु ज्या विद्यापीठांत नुसता प्रवेश मिळणें हेंच सर्वांत मोठें बक्षीस, तेथें शिष्यवृत्ति दिली नाहीं म्हणून काय बिघडलें? प्रत्येक खेळाचा प्रशिक्षक आपणांस हव्या असलेल्या मुलांची यादी प्रवेशाधिकाऱ्यांकडे पाठवितो. मुलाचे गुण ठराविक पातळीच्या खालीं नाहींत ना, एवढें पाहिलें जातें. आणि इतर उमेदवार अजून अर्ज लिहीत असतात तेव्हां, म्हणजे ऑक्टोबरापासूनच, या निवडक मुलांस ‘तुमचा प्रवेश बहुधा होईल’ अशा अर्थाचीं पत्रें जाऊं लागतात.

शुलमन व बोवेन यांनीं या पद्धतीचें मोजमाप केलें. १९५१, १९७६ व १९८९ या तीन सालीं तीस निवडक महाविद्यालयांत दाखल झालेल्या सुमारें नव्वद हजार विद्यार्थ्यांची माहिती त्यांनीं तपासली. निष्कर्ष थोडक्यांत असे. खेळाडूंच्या भरतीचा भार मोठ्या प्रेक्षागारांच्या विद्यापीठांवर असेल ही सामान्य समजूत चुकीची आहे. तो लहान व विद्याव्यासंगी महाविद्यालयांवर अधिक पडतो, कारण तेथें विद्यार्थी थोडे व खेळांचे संघ तितकेच, आणि पुरुषविद्यार्थ्यांपैकीं सुमारें तृतीयांश खेळाडू असतात. शिष्यवृत्ति न देणाऱ्या नमुन्याच्या महाविद्यालयांत १९९९ सालीं, परीक्षेचे गुण समान असतां, भरती केलेल्या खेळाडू मुलाची प्रवेशाची शक्यता इतरांहून शेंकडा ४८ नें अधिक होती. माजी विद्यार्थ्यांच्या मुलांस मिळणारा असा लाभ २५ व अल्पसंख्य वर्गांतील मुलांस मिळणारा १८ होता. अल्पसंख्यांच्या १८ वर त्या देशांत केवढा गदारोळ माजला, आणि खेळाडूंच्या ४८ विषयीं किती थोडे लोक बोलले, हें ध्यानांत घेतलें म्हणजे ग्रंथकारांनीं हा आंकडा पुढें आणला यांतच त्यांची मोठी कामगिरी दिसून येते. शिवाय हीं मुलें आंत आल्यावर, त्यांच्या प्रवेशपरीक्षेच्या गुणांवरून जी अपेक्षा करावी तिच्याहूनहि मागें राहतात, असें ग्रंथकारांस आढळलें. १९५१ सालच्या खेळाडूंत ही उणीव नव्हती. ती पुढें वाढत गेली, आणि १९८९ पर्यंत होडी, टेनिस, पोहणें असल्या कमी गाजणाऱ्या खेळांत व स्त्रियांच्या खेळांतहि पसरली.

दुसऱ्या ग्रंथांतील एक निष्कर्ष तर आम्हांस सर्वांत मोलाचा वाटतो. प्रशिक्षकाच्या यादींतून आलेले खेळाडू आणि स्वतःच्या हौसेनें पुढें मैदानावर आलेले खेळाडू, असे दोन वर्ग करून ग्रंथकारांनीं पाहिलें, तेव्हां अभ्यासांत मागें पडण्याचा दोष मुख्यतः पहिल्या वर्गांत आढळला. दुसऱ्यांत तो फारसा आढळला नाहीं. दोघेहि तोच खेळ खेळतात व तेवढाच घाम गाळतात. तेव्हां दोष खेळाचा नाहीं, हें सिद्ध झालें. मूल कोणत्या वाटेनें व कशासाठीं खेळाकडे आलें, त्या वाटेंत हा दोष आहे.

ग्रंथाची भाषा आंकड्यांच्या ग्रंथांची असावी तशीच, म्हणजे संयमी व थोडी रुक्ष आहे. खेळांनीं महाविद्यालयांस पैसा मिळतो, संघ जिंकला कीं माजी विद्यार्थ्यांच्या देणग्या वाढतात, मैदानावर नेतृत्व घडतें, हीं एकेक मतें घेऊन ग्रंथकार तीं आंकड्यांच्या सहाणेवर घासतात, आणि बहुतेकांचा मुलामा उडून जातो. नेतृत्वाच्या बाबतींत ते दाखवितात कीं, पुढें दिसून येणारे पुष्कळसे गुण हीं मुलें महाविद्यालयांत येतांना घेऊनच आलेलीं असतात. कोठेंहि त्रागा नाहीं, उपहास नाहीं. आपल्याकडील विवेचकांनीं हा गुण अवश्य घ्यावा.

असें असूनहि ग्रंथ मिटल्यावर मनांत एक रितेपणा राहतो. कारण शोधूं लागलों तेव्हां तें आम्हांस असें दिसलें: ग्रंथकार विद्यापीठाच्या दारांत उभे राहून आंत पाहतात, दाराबाहेर त्यांनीं पाठ केली आहे. आंत आलेल्या मुलाचे गुण, त्याचे विषय, त्याची पुढील मिळकत, सर्व त्यांनीं मोजलें. पण तें मूल दारापर्यंत कसें आलें, त्यास कोणीं आणलें, वाटेंत त्यानें काय टाकलें, हें त्यांच्या पानांत सांपडत नाहीं. शेंकडों पृष्ठांच्या या नाटकांत आईबाप हें पात्र जवळजवळ येतच नाहीं. आणि आमच्या मतें मुख्य पात्र तेंच आहे.

न्यू जर्सींत स्थायिक झालेले आमचे एक जुने विद्यार्थी मागील उन्हाळ्यांत सहकुटुंब पुण्यास आले होते. चौदा वर्षांचा मुलगा बरोबर होता. तो तरवारबाजी शिकतो असें समजल्यावर आम्हांस कौतुक वाटलें, व आम्हीं विचारलें कीं, याची गोडी त्याला कशी लागली? वडील मोकळेपणानें म्हणाले, “सर, अभ्यासांत हुषार असलेलीं आमच्यासारख्यांचीं मुलें तेथें हजारों आहेत. बास्केटबॉलांत आमचा टिकाव लागणार नाहीं. तरवारबाजींत गर्दी कमी. हिशेब करूनच घेतली.” त्यांच्या शनिवार-रविवारांचा, दूरदूरच्या गांवीं होणाऱ्या सामन्यांचा, खाजगी शिक्षकाच्या फीचा वृत्तान्त आम्हीं ऐकून घेतला. तेवढ्यांत आळींतील मुलांनीं क्रिकेटास एक गडी कमी म्हणून त्या मुलाला हांक मारली. तो उठलाहि. वडील म्हणाले, “नको रे, पाय मुरगळेल. पुढच्या महिन्यांत सामने आहेत.” मुलगा फाटकाशीं उभा राहून खेळ पाहत राहिला. आम्ही कांहीं बोललों नाहीं. बोलण्याचा आम्हांस अधिकारहि नव्हता. कारण पंचवीस वर्षांपूर्वीं याच गृहस्थास, मैदानावर वेळ घालवूं नकोस, पहिला ये, असें आम्हींच वर्गांत वारंवार बजावलें होतें. आमचा उपदेश त्यांनीं तंतोतंत पाळला. फक्त मैदानहि त्या पहिल्या येण्याच्या कामाला जुंपलें, एवढेंच.

ही एका घराची गोष्ट नव्हे. ज्या खेळांच्या द्वारें हीं निवडक विद्यापीठें मुलें वेंचतात त्यांची यादी पाहावी: होड्या वल्हविणें, शिडाच्या होड्या हांकणें, स्क्वॉश, तरवारबाजी, वॉटर पोलो, लॅक्रॉस. हार्वर्डमध्यें अशा सर्व मिळून बेचाळीस खेळांचे विद्यापीठीय संघ आहेत. यांपैकीं कित्येक खेळ गरीब वस्तींतील शाळेंत नांवालाहि नसतात. लॅक्रॉस हा मूळचा उत्तर अमेरिकेंतील आदिवासी राष्ट्रांचा खेळ, त्यांच्या धर्मविधींशीं निगडित. तो आज मुख्यतः सुखवस्तु उपनगरांचा खेळ होऊन बसला आहे. स्क्वॉशाला चार भिंतींचें बांधीव अंगण लागतें, व तें बहुधा क्लबांत असतें. कनेक्टिकटमधील ट्रिनिटी या लहान महाविद्यालयानें परदेशांतूनहि खेळाडू गोळा करून १९९८ पासून २०१२ पर्यंत स्क्वॉशाचे सलग २५२ सामने जिंकले, आणि मुंबईच्या जिमखान्यांतील मुलांसहि स्क्वॉश हा अमेरिकेस जाण्याचा एक राजमार्ग आहे हें कळून चुकलें. जो खेळ थोड्यांस परवडतो त्यांतच स्पर्धा थोडी, आणि जेथें स्पर्धा थोडी तेथेंच आईबापांचा पैसा अधिक फळ देतो. म्हणून मुलाची आवड काय हा प्रश्न मागें पडून, कोणत्या खेळाच्या रांगेंत माणसें कमी आहेत हा प्रश्न पुढें येतो.

येथें एक आक्षेप येईल, व तो बळकट आहे. केवळ पुस्तकी गुणांवर प्रवेश देणें योग्य काय? शील, धैर्य, सांघिक वृत्ति यांस कांहींच किंमत नाहीं काय? हा युक्तिवाद जुना आहे. १९०२ सालीं मृत्यु पावलेल्या सेसिल ऱ्होड्सनें आपल्या मृत्युपत्रांत शिष्यवृत्तीसाठीं मर्दानी खेळांतील प्राविण्य ही एक कसोटी घातली होती. परंतु अमेरिकेंत या ‘शीला’ला प्रवेशाच्या तराजूंत कोणत्या प्रसंगीं स्थान मिळालें, हें जेरोम कॅराबेल यांनीं २००५ सालच्या ‘दि चोझन’ या ग्रंथांत सविस्तर सांगितलें आहे. परीक्षेंत उत्तम गुण मिळवून येणाऱ्या ज्यू विद्यार्थ्यांचें प्रमाण हार्वर्डमध्यें १९२२ च्या सुमारास पंचमांशाहून अधिक झालें, तेव्हां तेथील अध्यक्ष लॉवेल यांनीं त्यांवर उघड मर्यादा घालण्याची सूचना केली. उघड मर्यादेस विरोध झाला. मग मुलाचें शील, व्यक्तिमत्व, खेळांतील सहभाग असल्या मोजतां न येणाऱ्या गोष्टी विचारांत घेण्याची पद्धत रूढ झाली, आणि संख्या आपोआप घटली. शीलाची महती आम्ही अमान्य करीत नाहीं. पण ज्या कसोटीचा जन्म कोणास तरी बाहेर ठेवण्यासाठीं झाला, ती पुढें सर्वांस समान न्याय देईल अशी अपेक्षा करतांना थोडें सावध असावें, एवढेंच आमचें म्हणणें आहे. दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. बास्केटबॉल व फुटबॉल या खेळांनीं कित्येक गरीब व कृष्णवर्णीय तरुणांस विद्यापीठाचें दार उघडून दिलें. १९७२ च्या कायद्यानें मुलींस मैदान मिळालें. हे लाभ खरे आहेत. परंतु या लाभांचें नांव पुढें करून तरवारबाजीच्या व शिडाच्या होडीच्या जागा राखल्या जातात, हेंहि तितकेंच खरें आहे.

आतां दोन प्रकरणांकडे वळूं. १२ मार्च २०१९ रोजीं अमेरिकन सरकारनें एक कट उघडकीस आणला. रिक सिंगर नांवाच्या सल्लागारानें श्रीमंत आईबापांकडून अडीच कोटि डॉलरांहून अधिक रक्कम घेऊन, त्यांतून प्रशिक्षकांस लांच देऊन, ज्यांनीं तो खेळ कधीं खेळलाहि नव्हता अशीं मुलें खेळाडू म्हणून विद्यापीठांत घुसविलीं होतीं. कांहींच्या बाबतींत परीक्षांतहि लबाडी केली होती. आरंभींच पन्नास जणांवर आरोप ठेवण्यांत आले, व त्यांत तेहतीस आईबाप होते. एका पित्यानें वॉटर पोलोचें सामान विकत आणून मुलाला घरच्या तलावांत उभें केलें व त्याचीं छायाचित्रें काढविलीं. सिंगरला जानेवारी २०२३ मध्यें साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. त्यानें आपल्या योजनेस ‘बाजूचें दार’ असें नांव दिलें होतें: स्वतःच्या गुणांनीं जावयाचें तें पुढचें दार, मोठी देणगी देऊन जावयाचें तें मागचें, आणि हें तिसरें. जगानें या लोकांची यथेच्छ निंदा केली. परंतु त्या लबाडीला खेळाचेंच सोंग कां घ्यावें लागलें? कारण खेळाचें दार आधींपासून उघडें होतें व त्यावर पहारा प्रशिक्षकाचा एकट्याचा होता. खोट्या नाण्याचा सुळसुळाट झाला तर खरें नाणें बाजारांत चालतें, हें त्यावरून सिद्ध होतें. या आईबापांनीं जें चोरून विकत घेतलें, तें इतर हजारों आईबाप दहा वर्षांच्या हप्त्यांनीं, पूर्ण कायदेशीरपणें, विकत घेतच असतात.

दुसरें प्रकरण हार्वर्डवरील खटल्याचें. जून २०२३ मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें प्रवेशांत वंशाचा विचार करण्यास मनाई केली. या खटल्यांत हार्वर्डला आपले आंकडे उघड करावे लागले, व त्यांवरून अर्थशास्त्रज्ञांनीं जें गणित मांडलें त्यांत असें दिसलें कीं, भरतीचे खेळाडू अर्जदारांत शंभरांत एकहि नसतात, पण प्रवेश मिळालेल्यांत शंभरांत दहाहून अधिक असतात. अशा शंभर खेळाडूंपैकीं ८६ जणांस प्रवेश मिळतो. ज्यांस खेळाचा, वारशाचा वा ओळखीचा आधार नाहीं अशा शंभरांत सुमारें सहा जणांस. न्यायालयानें वंशाची सवलत काढून टाकली. खेळाची सवलत जशीच्या तशी राहिली. त्याच वर्षीं चेट्टी, डेमिंग व फ्रीडमन यांनीं दाखविलें कीं, परीक्षेचे गुण सारखे असतां, अत्यंत श्रीमंत अशा शंभरांतील एका घराच्या मुलास या विद्यापीठांत शिरण्याची संधि मध्यम स्थितींतील मुलाच्या दुपटीहून अधिक असते; आणि याच्या तीन कारणांपैकीं एक खेळाडूंची भरती हें आहे. बोवेन यांचा सिद्धान्त येथें पुरता उतरला. सुधारणेची त्यांची आशा मात्र उतरली नाहीं. विद्यापीठांनीं एकमेकांशीं करार करून यादींतील जागा कमी कराव्या, असें ते सुचवितात. त्यांस वाटलें कीं, रोग विद्यापीठांत आहे, म्हणून औषधहि तेथेंच मिळेल. परंतु दाराबाहेर आईबापांची जी रांग उभी आहे, आणि तिच्या आधारानें क्लब, शिक्षक व सामने यांचा जो धंदा भरभराटला आहे, ती रांग त्यांस दिसली असती तर उपाय इतका सोपा वाटला नसता.

या सर्वांत सर्वांत मोठी हानि कोणाची? दाराबाहेर राहिलेल्या हुषार मुलाची होते, हें उघड आहे. त्याविषयीं पुष्कळांनीं लिहिलें आहे. आम्हांस आंत गेलेल्या मुलाचीहि चिंता वाटते. खेळ या शब्दाला आपल्या परंपरेंत एक मोठा अर्थ आहे. ईश्वरानें जग कां निर्माण केलें या प्रश्नास आपल्या वेदान्तानें ‘लीला’ हें उत्तर दिलें, कारण ज्या कृतीला स्वतःबाहेर कांहीं हेतु नाहीं अशी दुसरी कृति त्या तत्त्वज्ञांस सुचेना. मुलाच्या आयुष्यांत अशी निर्हेतुक कृति एकच असते. तीहि हिशेबांत घेतली म्हणजे त्याच्यापाशीं स्वतःचें असें काय राहिलें? अमेरिकेंतील बालवैद्यांच्या परिषदेनें २०१६ सालीं सांगितलें कीं, पंधरा-सोळा वर्षांच्या आधीं मुलाला एकाच खेळास बांधूं नये. त्यानें शरीरास इजा होते व मन विटतें. मन विटणें याचा अर्थ स्पष्ट आहे. प्रवेशाचें पत्र हातीं पडल्यावर त्या खेळाचें प्रयोजनच संपतें. यादींतून आलेला खेळाडू मागें कां पडतो आणि हौसेनें आलेला कां पडत नाहीं, याचें जें उत्तर ग्रंथकारांच्या आंकड्यांत सांपडत नाहीं, तें आम्हांस फाटकाशीं उभ्या असलेल्या त्या मुलाच्या चेहऱ्यावर दिसलें असें वाटतें.

आपल्या वाचकांनीं हें परक्या देशाचें पाप म्हणून वाचूं नये. आपल्याकडेहि शालान्त परीक्षेंत खेळाडूंस वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकऱ्यांत शेंकडा पांच जागा त्यांच्यासाठीं राखलेल्या आहेत, आणि खोट्या क्रीडाप्रमाणपत्रांचीं प्रकरणें महाराष्ट्रांतहि उघडकीस आलीं आहेत. जेथें खेळाला बक्षीस लागतें तेथें खेळाची नक्कल होऊं लागते, हा नियम देशपरत्वें बदलत नाहीं. म्हणून बक्षिसेंच बंद करावीं असें आम्ही म्हणत नाहीं. तालमींत घाम गाळणाऱ्या गरीबाच्या पोराला तोच काय तो आधार असतो. परंतु बक्षीस कोणास पोंचतें याचे आंकडे दरवर्षीं उघड व्हावेत, एवढी मागणी विद्यापीठांकडे व सरकारकडे करणें रास्त आहे. हार्वर्डचे आंकडे खटला होईपर्यंत बाहेर आले नाहींत, हा धडा पुरेसा आहे.

ग्रंथ उत्तम आहे. विद्यापीठांच्या प्रवेशाशीं ज्यांचा संबंध येतो त्यांनीं तो वाचलाच पाहिजे, आणि आमच्यासारख्या शिक्षकांनीं तर दोनदा वाचावा. ग्रंथकारांनीं मुलाला दारांत पाहून त्याचें वजन केलें, व तें अचूक केलें. त्याला तेथवर कोणीं आणून उभें केलें हें सांगणारा ग्रंथ अजून लिहावयाचा आहे. तो जो कोणी लिहील त्यानें पहिलें प्रकरण आईबापांवर लिहावें. आणि दुसरें, आम्ही नम्रपणें सुचवितों, त्या आईबापांस ज्यांनीं शिकविलें त्यांच्यावर.